ताईंचा वर्ग आणि पत्र्याबाहेरचा मी

साहेब, तुम्ही मला पुरुष ठरवून हाकलून दिलंत. हा माझा तुमच्यावर थेट आरोप आहे आणि तो मी तुमच्या खुर्चीकडं बोट दाखवून करतोय. 'मग तुम्ही पुरुष नाही का?' असं विचारून सुटका करून घेऊ नका. आहे. अठ्ठावन्न वर्षं आहे. पण ते सिद्ध करायला मी तुमच्या ऑफिसात आलो नव्हतो. मी आलो होतो बागेतली थोडी सपाट जागा मागायला, कारण मला चक्कर येते.

माणसाच्या कानात आत कुठंतरी तोल सांभाळायची सोय असते म्हणे. हे मला ती सोय बिघडल्यावर कळलं. लातूरला रेल्वेनं पाणी निघालं होतं ते वर्ष. आमच्या औरंगाबादला रेल्वे येत होती, पण रिकामी. मी टँकरच्या रांगेतून भरली बादली घेऊन निघालो आणि रस्ता अचानक डावीकडून वर उठला. मी उजवीकडं पडलो. लोक धावत आले. मला बरं वाटलं, म्हटलं अजून माणुसकी आहे. त्यांनी आधी बादली उचलली.

"काका, पुन्हा पडलात आणि खुब्याचं हाड गेलं तर मग अंथरूण," डॉक्टर चारुता म्हणाली. पोरगी आमच्याच कॉलनीतली, लहान असताना आमच्या बायकोकडून बोरं मागून न्यायची, त्यामुळं घाबरवताना आडपडदा ठेवत नाही. "गोळ्या देते, पण गोळीनं तोल येत नाही. तोल शिकावा लागतो. ताई ची करा."

"कुणाची?" आमच्या अंबिकेनं विचारलं.

साहेब, इथंच सगळं संपायला हवं होतं. माझ्या बायकोनं पहिल्याच फटक्यात जो प्रश्न विचारला त्यात पुढचं सगळं गाडलेलं होतं. पण चारुता हसली, मी हसलो, आणि आम्ही घरी आलो. नंतर हसायची वेळ आली नाही.

ताई ची म्हणजे चिनी लोकांचा व्यायाम. घाम नाही, उड्या नाहीत. उभं राहायचं, गुडघे जरा वाकवायचे आणि अंगातला भार एका पायावरून दुसऱ्या पायावर असा सरकवायचा की खुद्द पायालाही उशिरा कळावं. शेजारच्या नानासाहेबांना हे पटलं नाही. नानासाहेब रिटायर झाल्यापासून सल्ला हा त्यांचा पूर्णवेळ धंदा आहे. "श्रीरंगराव, चक्कर म्हणजे पित्त. सकाळी उठून उलट्या पावली चालायचं. पित्त उलटतं." मी माणूस ऐकणारा. दुसऱ्या दिवशी उलट्या पावली चाललो आणि त्यांच्याच स्कूटरवर जाऊन बसलो, म्हणजे बसलो नाही, आडवा झालो. स्कूटरचा आरसा गेला. त्यावर नानासाहेब म्हणाले, "बघा, तोल किती गेलाय तुमचा."

शिकवणारा मात्र खरा भेटला. छावणीतला याह्याभाई. मोबाइलची कव्हरं आणायला वर्षातून दोन-तीनदा चीनला जायचा. तिथं हॉटेलसमोरच्या बागेत पहाटे म्हातारेकोतारे हे करायचे. याह्याभाईला झोप यायची नाही, तो खाली जाऊन त्यांच्यात उभा राहायचा. अशी बरीच वर्षं उभा राहिला आणि कव्हरांबरोबर हेही घेऊन आला.

"हल्लू, श्रीरंगसाब, हल्लू," पहिल्याच दिवशी तो आमच्या गच्चीवर म्हणाला. "हात वर न्या, जैसे पाण्यात आहेत."

"पाण्यात असलं की कसं वाटतं ते मी विसरलोय. दुसरं काही सांगा."

"तो फिर तेल में समझो. लेकिन हल्लू. इत्ती जल्दी किसकू है?"

घरात जागा नव्हती म्हणून गच्ची. घरात ड्रम होते. हॉलमध्ये ड्रम, देवघरात ड्रम, पलंगाच्या दोन्ही बाजूंना ड्रम. नळाला पाणी कधी येईल हे देवालाही सांगून येत नव्हतं, त्यामुळं येईल तेव्हा भरायला जे जे पोकळ होतं ते ते आम्ही घरात आणून ठेवलेलं होतं. दोन ड्रमांच्या मधून वाट काढताना चांगला माणूस हेलकावे खातो, माझं काय.

तर गच्चीवर मी डोळे अर्धे मिटले आणि दोन्ही हात तळवे वर करून हल्लूहल्लू छातीपर्यंत उचलले. मग तळवे खाली करून हल्लूहल्लू सोडले. पुन्हा उचलले. पुन्हा सोडले. इतकं शांत वाटलं की काय सांगू. खालून घरघर ऐकू यायला लागली तेव्हा मला वाटलं माझाच कान.

घरघर मोटारींची होती. आमच्या गल्लीचा एक शिरस्ता आहे, साहेब, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, तुमच्याकडं पाणी रोज येतं. नळाला पाणी आलं की आम्ही ओरडत नाही. ओरडलं तर मागच्या गल्लीला कळतं, आणि ते मोटारी लावून आमच्या आधी पाणी ओढतात. म्हणून ज्याला आधी सुगावा लागेल त्यानं गच्चीवर जायचं आणि मुकाट्यानं हात वर करायचे. हात वर म्हणजे आलं. हात खाली म्हणजे गेलं.

मी गल्लीला आलं-गेलं, आलं-गेलं असं सांगत होतो. आणि ज्या संथपणानं सांगत होतो, त्यावरून लोकांना वाटलं की पाणी बारीक धारेचं आहे, म्हणून ज्याची त्याची मोटार पूर्ण जोरात. कोरड्या नळाला. नानासाहेबांची मोटार आधी जळाली, मग एकेकाची. जळक्या वासानं मी डोळे उघडले तेव्हा अख्खी गल्ली खाली उभी राहून वर बघत होती. याह्याभाई अजून घोड्याची आयाळ विंचरत होता. म्हणजे तसा एक हात असतो त्या व्यायामात.

"हे काय चाललंय?" नानासाहेब खालून म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"तोल शिकतोय," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी गल्लीची बैठक भरली आणि मला गच्चीबंदी झाली. पाणी बघायला जायचं तरी अंबिकेनं जायचं, मी नाही. मोटारींवरून अजूनही लोक माझ्याशी तोंड वाकडं करून बोलतात. आमचा अमेय शेंद्र्याच्या कंपनीतून आला आणि म्हणाला, "बाबा, आधी तुम्ही एकटे पडत होता, आता सगळ्यांना पाडताय." पोटचा पोरगा.

घर बंद, गच्ची बंद. रस्ते नव्या जलवाहिनीसाठी खणलेले. पाणी नव्हतं पण पाण्याची वाट जय्यत खणून तयार होती, कडेला मुरमाचे ढीग. शहर वाढत होतं, चारी दिशांना प्लॉट पडत होते, पण तोल गेलेल्या माणसाला दोन पाय टेकायला सपाट जागा एकच उरली होती, तुमच्या खात्याची बाग. गवत जळून गेलं होतं, कारंज्यात कुत्री झोपायची, जमीन तव्यासारखी. याह्याभाई जागा बघून म्हणाला, "माशाल्ला. इथं पडलं तरी लुढकणार नाही."

म्हणून मी अर्ज घेऊन तुमच्याकडं आलो. आठवा.

"अर्ज कशाचा?" तुम्ही विचारलंत.

"ताई ची वर्ग."

"कोणत्या ताईंचा?"

"कोणत्याच नाही, साहेब. व्यायाम आहे. चिनी."

"चिनी ताई?"

मग तुम्ही अर्ज हातात घेतलात आणि तुमचा चेहरा पडला. मला वाटलं घरचं काही आठवलं. तुम्ही खिशातून लाल पेन काढलंत. "प्रत्यय सुटा लिहिलाय," तुम्ही म्हणालात, आणि तुम्हाला खरंच यातना होत होत्या. "विभक्तीचा प्रत्यय शब्दाला जोडून लिहायचा असतो. ताईची. आणि ताईची काय? वर्ग. वर्ग पुल्लिंगी. ताईचा वर्ग."

"साहेब, तो प्रत्यय नाही. तो ची आहे."

"ची प्रत्ययच आहे."

"हा वेगळा ची."

"मराठीत एकच ची आहे," तुम्ही म्हणालात. चिनी ची म्हणजे नेमकं काय ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण साहेब, शुद्धलेखन मला कुणी शाळेत बसवून शिकवलेलं नाही, मी जुनी वर्तमानपत्रं वाचून शिकलोय आणि मला ते येतं. माझ्या अर्जावर लाल पेन चालतंय हे बघताना माझी कानशिलं तापली. तुम्ही तिथंही थांबला नाहीत. "आदरार्थी लिहा," म्हणालात, आणि त्यावर एक टिंब दिलंत. ताईंचा वर्ग. त्या टिंबानं माझा घात केला.

मंजुरी त्याच आठवड्यात आली. तुमच्या ऑफिसातून एवढ्या लवकर काही आलेलं आमच्या कॉलनीत कुणाच्या ऐकिवात नाही, त्यामुळं मी तो कागद घरोघर दाखवत फिरलो. का आली ते मागून कळलं. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेला सगळे ताई म्हणतात. ताईंचा वर्ग आहे म्हटल्यावर फाइल अडवणार कोण? शिपायानंसुद्धा ती पळत नेली म्हणे.

पहिल्या दिवशी मी, अंबिका आणि याह्याभाई पहाटे बागेवर गेलो. अंबिका माझा दंड धरून. फाटकावर नवा कोरा बोर्ड. ताईंचा वर्ग. केवळ महिलांसाठी. पुरुषांना प्रवेश नाही.

मी तो बोर्ड वाचला. मग याह्याभाईनं वाचला. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं, दोन पुरुषांनी.

रखवालदार कारभारी नावाचा, कन्नड तालुक्याकडचा माणूस, सरळ आणि कडक. दांडका आडवा धरून उभा. "बाप्या माणसाला आत नाय."

"अरे, वर्ग माझा आहे. अर्ज मी केलाय."

"तुमी ताई हाव का?"

"नाही."

"मग?"

"हे शिकवणारे आहेत, याह्याभाई. ह्यांना तरी सोड."

कारभारीनं याह्याभाईला खालून वरपर्यंत निरखलं. याह्याभाईची दाढी छातीपर्यंत आहे. "हे बी ताई नायत," कारभारी म्हणाला.

आत मात्र बायकांची ही गर्दी. कुणीतरी आवई उठवली होती की ताईंच्या वर्गाला जी येईल तिच्या गल्लीत टँकर आधी. बायका हंडे, कळशा घेऊन आल्या होत्या. मागच्या गल्लीची दगडाबाई तर सुनेलाही घेऊन आली होती आणि नातीच्या हातात तांब्या होता. सगळ्या फाटकाकडं बघत होत्या की वर्ग कधी सुरू होतो, म्हणजे पाणी कधी येतं.

"तू जा आत," मी अंबिकेला म्हणालो.

"मी काय करू? चक्कर तुम्हाला येते."

"बघून ये. घरी मला शिकव."

"घरी कुठं, ड्रममध्ये?" असं म्हणून ती आत गेली. माझा दंड सोडून गेली. मी पटकन कंपाउंडची जाळी धरली.

याह्याभाई हरणारा माणूस नाही. तो रस्त्यावर आला, मुरमाच्या ढिगाशेजारी जागा साफ केली आणि जाळीतून आत तोंड करून उभा राहिला. "बाजी लोग, बहनों, इधर देखो. समजा हातात भरलेला हंडा आहे. सांडायचा नाही. हल्लू."

साहेब, त्या बायकांना पुढचं काही सांगावंच लागलं नाही. मी गच्चीवर जे घोकत होतो ते त्या उभ्या राहिल्या आणि करायला लागल्या. दगडाबाई तर असा पाय टाकत होती की धूळही उडत नव्हती. टँकर आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही, पण बायका येतच राहिल्या. दगडाबाई म्हणाली, "मेलं, घरात कुणी मला इतकं सावकाश काही करूच देत नाही."

मीही बाहेरून करत होतो. एका हातानं जाळी धरून, दुसऱ्या हातानं व्यायाम. मग चार बोटांनी धरून. मग एका बोटानं. एके सकाळी बोटही काढलं आणि एक लांब श्वास होईपर्यंत उभा राहिलो. कुणी बघितलं नाही, पण अंबिकेनं बघितलं. जाळीच्या आतून ती गालात हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तसं हसलेलं मी फार वेळा बघितलेलं नाही.

आणि त्याच सकाळी पोलिसांची गाडी आली.

कुणीतरी फोन केला होता की दोन पुरुष रोज पहाटे बागेच्या जाळीशी उभे राहून आतल्या बायकांना हातवारे करतात. फोन खोटा नव्हता. आम्ही तेच करत होतो. गाडीतून एक बाई शिपाई उतरली.

"काय चाललंय?"

"मॅडम, ये बगला है," याह्याभाई म्हणाला. त्याचे दोन्ही हात पसरलेले होते. "पंख खोल रहा."

"कुणाला बघून खोलतोय पंख?"

मी पुढं झालो. "मॅडम, माझी बायको आहे आत."

"कोणती?"

"ती. एका पायावर उभी आहे ती."

सगळ्याच एका पायावर उभ्या होत्या. मी नाव घेऊन हाक मारली. शिपाईबाई जाळीशी गेल्या. "ताई, हे तुमचे मिस्टर का?"

आता याह्याभाईचा एक नियम आहे. हात सुरू केला की मध्ये तोडायचा नाही, श्वास फाटतो. अंबिका त्याची फार आज्ञाधारक शिष्या. तिनं समोर बघत वर उचललेला पाय हल्लू खाली आणला. टाच टेकवली. मग चवडा. भार पुढं सरकवला. कमरेतून वळली. हात गोल फिरवत पोटापाशी आणले, श्वास सोडला, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हो. आहेत."

तोपर्यंत मला आणि याह्याभाईला गाडीत बसवून झालं होतं.

सोडलं लगेच. पण गाडीत बसलेला गल्लीनं बघितला. माझ्याच बायकोला हातवारे केल्याबद्दल मला गाडीत बसवतात, हे मला आजही खरं वाटत नाही, आरशासमोर उभा राहून मी मलाच दोन-तीनदा विचारलंय. संध्याकाळी नानासाहेब आले, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "श्रीरंगराव, वय झालं आता. नजरेला जरा आवर." मी उठून उभा राहिलो, चक्कर आली आणि पुन्हा बसलो. त्यांना वाटलं मी शरमलो.

मी पुन्हा तुमच्याकडं आलो. म्हटलं, "साहेब, चूक झालीय, दुरुस्त करा."

"चूक?" तुम्ही म्हणालात. "मी तुमचीच चूक दुरुस्त केली होती."

वर म्हणालात की आता बदलता येत नाही, ताईंना वर्गाचं समजलंय आणि त्या उद्घाटनाला येताहेत. त्या आल्या. फीत कापली. आपल्या नावानं एवढ्या बायका एका पायावर उभ्या राहतात हे बघून त्या हरखल्या. आणि शिकवणारी बाईच हवी, म्हणून अंबिकेच्या गळ्यात हार घातला. याह्याभाईनं बाहेरून टाळ्या वाजवल्या, हल्लूहल्लू. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याला मी दोष देत नाही. दोनदा गाडीत बसायची हौस कुणाला असते?

आणि तुम्ही तक्रारीची दखल घेतलीत. जाळीला आतून पत्रे ठोकलेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या डोक्याच्याही वर.

आता मला काही दिसत नाही. जाळी धरायला बोटंही आत जात नाहीत. मी पत्र्याला कान लावून उभा राहतो. आतून अंबिकेचा आवाज येतो, "हल्लू... श्वास घ्या... डावा पाय." मी बाहेर डावा पाय टाकतो. ती माझ्याकडं तोंड करून उभी आहे का पाठ करून, हे कळत नाही, त्यामुळं तिचा डावा तो माझा कोणता, हा रोजचा प्रश्न. परवा चुकलो. खणलेल्या चारीत पडलो.

हाड मोडलं नाही. पण आवाज झाला, आणि आतून अंबिका धावत बाहेर आली. हात मधेच तोडून. चारीत उतरली, माझ्या तोंडावरचा मुरूम पदरानं पुसला आणि म्हणाली, "बस झालं. उद्यापासून मी जात नाही. मी आत तोल शिकवते आणि तुम्ही बाहेर पडता. कशाला हवाय असला वर्ग?"

बायका फाटकात येऊन उभ्या होत्या. दगडाबाईच्या हातात अजून तो अदृश्य हंडा होता, तिनं खाली ठेवला नव्हता. कारभारीनं दांडका मागं घेतला, पण बोर्डाकडं बघितलं आणि पुन्हा आडवा धरला.

साहेब, मला तो वर्ग बंद करायचा नाही. कान उघडे ठेवून ऐका, कारण तुम्ही हाच अर्थ काढाल. माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा अशी उभी राहतेय की तिला कुणी हाक मारली तरी ती हात पुरा करूनच वळते. ते माझ्यासाठी मोडायचं नाही. मी तिला म्हणालो, उद्या तू जायचंच. ती म्हणाली, तुम्ही आत असाल तरच जाईन. तुमच्या एका टिंबानं आमच्या घरात हे आणून ठेवलंय, आणि पहाट रोज होते, ती तुमच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

बोर्ड तुमचा. पत्रे तुमचे. अंग माझं आहे, आणि ते पुढच्या वेळी हाडासकट पडणार आहे. मागच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात, कारंज्यातल्या कुत्र्यांशेजारी मला उभं राहू देणार की नाही? माझं तोंड भिंतीकडं ठेवा, हरकत नाही. बाई म्हणून घ्यायचं असलं तरी घ्या.

हो की नाही, एवढंच सांगा. आत्ता सांगा. तुमच्या दारात उभ्यानं विचारतोय, आणि मला फार वेळ उभं राहता येत नाही.